पाडण्याआधी वर बघा: अकलूजच्या छपराचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. अकलूज म्हटलं की नीरेकाठचा किल्ला आठवतो, तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण आठवतं, घोडेबाजार आठवतो, साखर कारखाना आठवतो. आज मात्र आपण अकलूजमध्ये उभं राहून फक्त वर बघणार आहोत, छपराकडे. गावाचा इतिहास बखरीत असतो तसा छपरातही असतो. आणि जुनं छप्पर पाडताना त्यातला एक तुकडा थेट आपल्या छातीत जाऊन बसू शकतो. हे मी अलंकारिक बोलत नाहीये, अगदी शब्दशः सांगतोय.

माळवद, कौलं आणि करडा पत्रा

आपल्या भागातलं जुनं छप्पर म्हणजे माळवद. लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडं आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारेगार, पावसाळ्यात कुठेतरी टपटप. मग आली मंगलोरी कौलं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं पुढे अख्ख्या पश्चिम भारतात पोचली. मग लोखंडी पत्रा आला. आणि मग तो करडा, नागमोडी, ठोकला तर लोखंडासारखा न वाजता बद्द आवाज करणारा पत्रा.

त्याला आपण काय म्हणतो? सिमेंट पत्रा.

आता गंमत बघा. नाव खोटं नाही, त्यात सिमेंट असतंच. पण नुसतं सिमेंट इतकं पातळ ओतलं तर ते तडकून जाईल. त्याला आतून धरून ठेवायला बारीक, चिवट तंतू लागतात. हे तंतू म्हणजे ॲस्बेस्टॉस, दगडातून निघणारं एक खनिज. पत्र्यात त्याचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. नव्वद टक्के सिमेंट, म्हणून नाव सिमेंटचं. आणि आजची गोष्ट त्या उरलेल्या दहा टक्क्यांची.

ही कल्पना ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक नावाच्या कारखानदाराची. १९०१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. मालाला त्यानं नाव दिलं ‘एटर्निट’, म्हणजे चिरंतन टिकणारं. जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही, वाळवी लागत नाही आणि वर स्वस्त. गरीब माणसाच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं, ते या मालामुळे. हे मोठेपण नाकारायचं कारण नाही. पण चिरंतन टिकण्याचा हाच गुण पुढे त्याचा दोष ठरला.

१९३० चं दशक: साखर आली, पत्राही आला

आता अकलूजच्या आसपास बघू. १९३२ मध्ये इंग्रज सरकारनं साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. बाहेरून येणाऱ्या साखरेवर जकात बसली आणि देशात साखर कारखान्यांची रांग लागली. नीरेच्या पाण्यावर ऊस पिकत होता. १९३२ मध्येच सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी’ उभी केली. ज्या गावात ती उभी राहिली ते आपलं माळीनगर. १९३४ मध्ये श्रीपूरची बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट आली. पुढे १९६० च्या आसपास शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकारानं अकलूजचा सहकारी कारखाना आला आणि गावाचं रूपच पालटलं.

कारखाना आला की काय काय येतं? मोठी शेडं, गोदामं, कामगारांच्या चाळी, शाळा, पिण्याच्या पाण्याची योजना. या सगळ्याला भरपूर आणि स्वस्त छप्पर लागतं. शिवाय साखर म्हणजे वाफेचा धंदा. बॉयलरपासून सगळीकडे गरम नळ जातात. उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्या नळांना जाड लेप गुंडाळतात, त्याला लॅगिंग म्हणतात. त्या काळात जगभरच्या वाफेच्या कारखान्यांत या लेपात ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जायचं. आणि गावोगावच्या पाणी योजनांत जमिनीखाली जे ‘एसी पाइप’ टाकले गेले, त्यातलं एसी म्हणजे एअर कंडिशनर नव्हे. ॲस्बेस्टॉस सिमेंट!

हा माल यायचा कुठून? तर १९३४ मध्येच, म्हणजे श्रीपूरच्या कारखान्याच्याच वर्षी, ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड’ ही कंपनी हिंदुस्थानात सुरू झाली. पहिला कारखाना मध्य भारतातल्या कैमूरला, पुढे मुंबईत मुलुंडला. ‘एव्हरेस्ट’चा पत्रा हे नाव जुन्या गवंड्यांच्या तोंडी असतं, तो हाच. या कंपनीच्या मागे इंग्लंडची एक बडी कंपनी होती: टर्नर अँड न्यूअल.

हे नाव लक्षात ठेवा. आता आपण थोडं मागे, इंग्लंडात जाणार आहोत.

रॉचडेलची नेली

इंग्लंडमध्ये १८९८ साली लुसी डीन नावाच्या महिला कारखाना निरीक्षकानं सरकारी अहवालात लिहून ठेवलं होतं की ॲस्बेस्टॉसची धूळ कामगारांना अपाय करते. अहवाल छापला गेला. काम चालू राहिलं.

मग १९२४. रॉचडेल गावातली नेली केरशॉ ही कामगार ३३ व्या वर्षी वारली. ती टर्नर ब्रदर्सच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात सूत कातायची. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली. त्यांत त्यांना खनिजाचे कण रुतलेले दिसले. त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं आणि १९२७ मध्ये या आजाराला नाव दिलं: ॲस्बेस्टॉसिस. तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, शरीर त्यांना बाहेर काढू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रण धरतात, फुप्फुस कडक होतं, आणि माणसाला दोन पायऱ्या चढताना धाप लागते.

टर्नर ब्रदर्स म्हणजे टर्नर अँड न्यूअल या समूहाचाच भाग. तेच नाव!

ब्रिटिश सरकारनं मग चौकशी लावली. डॉ. मेरवेदर आणि प्राइस यांनी १९३० मध्ये अहवाल दिला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजारी निघाला. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये कारखान्यातली धूळ आटोक्यात ठेवण्याचे नियम झाले.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. १९२४ ला मृत्यू. १९३० ला अहवाल. १९३१ ला इंग्लंडमध्ये नियम. आणि १९३४ ला तोच धंदा हिंदुस्थानात. माल समुद्र ओलांडून आला. नियम आले नाहीत.

ही गोष्ट फक्त कारखान्याच्या आतली असती तर अकलूजच्या छपराशी तिचा संबंध कमी राहिला असता. पण १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांचा अभ्यास छापला. या सगळ्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा दुर्मीळ कर्करोग झाला होता. त्यांतले कित्येक जण खाणीत कधी उतरलेच नव्हते. ते फक्त खाणीच्या भागात राहायचे, काहींचं तर नुसतं बालपण तिथे गेलं होतं. म्हणजे धोका कामगारापुरता नव्हता. जिथे धूळ, तिथे धोका. आणि आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. विशीत धूळ घेतलेल्या माणसाला साठीत डॉक्टर विचारतात, ‘आजोबा, तुम्ही काय काम करायचात?’ आणि आजोबांना ते चार दिवसांचं पाडकाम आठवतही नाही.

आपल्याकडे काय झालं?

१९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. न्यायालय म्हणालं, कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. चाळीस वर्षं का, ते आता तुम्हाला कळलं असेल. आजारच तेवढा दबा धरून बसतो.

२००५ मध्ये मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८१ कामगार तपासले होते. पाचांतल्या एकापेक्षा जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. इंग्लंडचा १९३० चा आकडा आठवा. पंचाहत्तर वर्षांनंतर आपण जवळपास तिथेच उभे होतो.

ब्रिटननं १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियानं २००३ च्या अखेरीस ॲस्बेस्टॉस पूर्ण बंद केलं. युरोपीय संघानं २००५ पासून बंदी घातली. भारतात ॲस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना परवाने देणं १९८६ पासून थांबलं, पण पांढरं ॲस्बेस्टॉस बाहेरून आणणं आणि त्याचे पत्रे बनवणं आजही कायदेशीर आहे. माल मुख्यतः रशियातून येतो.

पण समजा उद्या बंदी आली, तरी अकलूजच्या छपरांवर आज जे आहे त्याचं काय? बंदी दुकानाला लागते, छपराला नाही. म्हणून ज्या देशांनी बंदी घातली त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जुनी इमारत पाडण्याआधी किंवा मोठी दुरुस्ती काढण्याआधी तिची झडती घ्यायची. काय, कुठे, किती, कुठल्या अवस्थेत, हे कागदावर आल्याशिवाय पहिला घण मारायचा नाही. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत हे बंधनकारक आहे.

जहाजाला यादी, घराला नाही

तुम्हाला वाटेल, हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. थांबा जरा.

२००५ च्या ३१ डिसेंबरला ‘क्लेमांसो’ नावाची फ्रान्सची जुनी विमानवाहू युद्धनौका फोडणीसाठी गुजरातमधल्या अलंगकडे निघाली. तिच्यात ॲस्बेस्टॉस किती उरलंय यावरून गदारोळ झाला. सर्वोच्च न्यायालयानं तिला तूर्त भारतात येऊ देऊ नका म्हणून सांगितलं. शेवटी फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जहाज परत बोलावलं. पुढे ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला फोडलं गेलं. २०१९ मध्ये भारतानं जहाज पुनर्चक्रणाचा कायदा केला आणि त्यात जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी बंधनकारक केली.

म्हणजे तत्त्व आपल्याला मान्य आहे! फोडण्याआधी यादी करायची हे भारतानं कायद्यात लिहून ठेवलंय. फक्त ते जहाजाला लागू आहे. माळशिरस तालुक्यातलं साठ वर्षं जुनं शेड, शाळेची खोली किंवा गोदाम पाडायचं असेल तर अशी यादी कोणी मागत नाही.

बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ मध्ये केंद्राचे नियम आले. दिवसाला २० टनांहून जास्त किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्यानं तो वेगवेगळा करायचा आणि आराखडा द्यायचा. त्यांची जागा घेणारे नवे नियम २०२५ मध्ये निघाले, त्यांचा भर २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या कामांवर आहे. आपल्या गावातला वाडा किंवा चार खोल्यांची शाळा या मापात बसतच नाही. आणि या नियमांचा सगळा रोख काँक्रीट, विटा, लोखंड पुन्हा वापरण्यावर आहे. पाडण्याआधी ॲस्बेस्टॉस शोधायची गोष्ट त्यात हरवते.

मग सर्वे म्हणजे नेमकं काय?

नाव भारी वाटतं, पण काम समजायला सोपं आहे. इमारत कधी बांधली, छप्पर कधी बदललं, दुरुस्त्या कधी झाल्या, ते आधी विचारायचं. मग खोलीमागून खोली फिरायचं. छप्पर, पावसाच्या पाण्याचे पन्हाळ आणि नळ, पाण्याची टाकी, फॉल्स सीलिंगचे तक्ते, जुन्या मीटरमागची पाटी, बॉयलरचं लॅगिंग, सांध्यातले दोर. प्रत्येक संशयित जागेचा फोटो काढायचा, नकाशावर खूण करायची, माल शाबूत आहे की भुगा होतोय ते लिहायचं.

नुसतं बघून खात्री होत नाही, कारण आता ॲस्बेस्टॉस नसलेले तसेच दिसणारे पत्रेही मिळतात. म्हणून प्रशिक्षित माणूस जागा ओली करून नखाएवढा तुकडा काढतो, दोन पिशव्यांत बंद करतो, पडलेली भेग बुजवतो आणि प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखतात. दगड तपासायला भूशास्त्राचे विद्यार्थी वापरतात, तोच सूक्ष्मदर्शक. तपासणी शक्य नसेल तर नियम एकच: आहे असं धरून चालायचं.

हा तुकडा तुम्ही घरी पक्कडीनं तोडू नका हं. त्यातूनच धूळ उडते.

यादीत ॲस्बेस्टॉस एकटं नसतं. जुन्या दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीचे थर दारावर तसेच आहेत. ते घासले किंवा जाळले की शिसं हवेत जातं आणि सगळ्यात जास्त लहान मुलांना बाधतं. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. कारखान्यांतल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची घातक रसायनं असू शकतात. त्यांचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण बंद करण्याचा आदेश केंद्रानं २०१६ मध्येच काढला होता.

आणि घाबरून जाऊ नका. डोक्यावरचा शाबूत पत्रा तसाच असेल तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. धोका वाढतो तो कापताना, भोक पाडताना, वरून खाली फेकताना, तुकड्यांवरून ट्रॅक्टर नेताना. म्हणजे नेमकं आपण पाडकामात जे करतो ते सगळं.

अकलूजला आत्ताच का?

कारण पाडकामाचा काळ आत्ता आहे. ३० आणि ६० च्या दशकांतल्या बांधकामांचं वय भरलंय. पालखी मार्गांच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी बांधकामं गेली. माळवदाच्या जागी स्लॅब येतोय, शाळांच्या खोल्या नव्या होतायत. अकलूजची ग्रामपंचायत जाऊन २०२१ मध्ये नगर परिषद झाली, म्हणजे परवानगी देणारं कार्यालय गावातच आहे.

आणि पाडलेल्या पत्र्याचं आपण काय करतो? धड असेल तर भंगारवाला नेतो किंवा तो गोठ्यावर चढतो. फुटका असेल तर पायात, खड्ड्यात, शेतरस्त्याच्या भरावात जातो. चिरंतन टिकणारा माल! तिथेही तो टिकतोच. फक्त तो तिथे आहे हे पुढच्या खोदणाऱ्याला ठाऊक नसतं.

खरं तर मोठ्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. पाडकामाच्या परवानगीच्या अर्जाला एक पान जोडता येईल: छपरात, नळात, लेपात, रंगात काय आहे? शंकरनगरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी गावातल्या सार्वजनिक इमारतींची अशी नोंदवही करायला घेतली तर त्यांचा प्रकल्पही होईल आणि गावाला उपयोगही. काम करताना पत्रा ओला ठेवायचा, खिळे-बोल्ट सोडवून तो अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर चिठ्ठी लावायची, कोरडा झाडू मारायचा नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही, त्यासाठी योग्य मास्क लागतो. टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस हा घातक कचरा आहे, त्यामुळे ते घंटागाडीत टाकायचं नाही.

या सगळ्यात सगळ्यात कमी बोलणारा माणूस म्हणजे छपरावर चढलेला मजूर. बहुतेक वेळा तो तुमच्याच वयाचा असतो. पत्रा कशाचा आहे हे त्याला कोणी सांगत नाही, कारण मालकाला ठाऊक नसतं, ठेकेदारानं विचारलेलं नसतं आणि दुकानातल्या नावात ते लिहिलेलं नसतं. लुसी डीननं १८९८ मध्ये लिहिलेली ओळ अजून त्याच्यापर्यंत पोचलेली नाही.

तेवढी पोचवायचं काम तुमच्या हातातल्या मोबाइलवरून होण्यासारखं आहे. तुमच्या गल्लीत या उन्हाळ्यात जे जुनं बांधकाम पडणार असेल, त्याच्या मालकाला आणि ठेकेदाराला हा भाग पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘वर काय आहे, बघितलं का?’

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या. राम राम!